दुसऱ्या आवाजाची बाई

मालतीताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भुताच्या मांडीवर बसलो होतो.

थट्टा नाही करत. चिनी पंचांगाचा सातवा महिना म्हणजे आपला पितृपक्षच. फरक इतकाच, की आपले पितर मुकाट्यानं खीर-वडे खाऊन जातात आणि सिंगापूरच्या पितरांना जेवणानंतर करमणूकही लागते. म्हणून वसाहतीच्या मैदानात मांडव पडतो, झगमगीत रंगमंच उभा राहतो आणि संध्याकाळभर गाणी होतात. त्याला म्हणतात गेताई. आम्हाला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. खाली उतरलो तर समोर हा थाट! मागं माणसं दाटीवाटीनं उभी, आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची पहिली रांग, अख्खीच्या अख्खी, रिकामी. मी पुण्याचा. पहिली रांग रिकामी दिसली की पुण्याच्या माणसाच्या रक्तात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. धावलो, मधली खुर्ची पकडली, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि वळून बायकोला हाक मारली, "अनघा, ये गं लवकर! पुढं जागा आहे!"

आमची मुक्ता तेव्हा दुसरीत होती, आणि इथलं सिंगलिश इंग्रजी शाळेतून आमच्याआधी शिकली होती. ती मागूनच किंचाळली, "बाबा, कॅनॉट लाह! दॅट वन फॉर घोस्ट!"

मला काही कळायच्या आत लाउडस्पीकर बोलला. तोही मराठीत.

"अहो रुमालवाले! उठा की तिथनं. ती माणसं आधीपासून बसल्यात."

रंगमंचावर साठीच्या पुढची एक बाई उभी होती. डोक्यावर रुंद काठाची हॅट, पायांत नक्षीचे गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात गिटार, पाठीवर पांढऱ्या केसांची जाड वेणी आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शे-दोनशे चिनी माणसं, एक शब्द न कळता, मनसोक्त हसली. मी रुमाल उचलला आणि कोणाच्या पायावर पाय पडणार नाही अशा बेतानं त्या रिकाम्या रांगेतून बाहेर आलो.

मग बाईंनी गाणं सुरू केलं, आणि मी जे ऐकलं ते मला कळलंच नाही. गिटार वाजत होती, बाई माइकसमोर तोंड मिटून उभ्या होत्या, पायानं ठेका धरलेला. एक अख्खं कडवं असंच गेलं. शब्द विसरल्या असतील, मी अनघाला म्हटलं. मग धृपद आलं आणि त्या गायल्या. आवाज जाड, उबदार, पण चाल? चाल गाण्याची वाटेना. एखाद्या घराची सावली पडावी आणि घरच दिसू नये, तशी ती चाल होती. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट ही, की घरी जाताना लिफ्टमध्ये मी जे गाणं गुणगुणत होतो, ते त्या बाई गायल्याच नव्हत्या.

मालती टिपणीस. माहेर मिरजेचं, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतलं. नवरा बोटीवर इंजिनिअर, म्हणून तेविसाव्या वर्षी सिंगापूरला आल्या आणि वर्षातले आठ महिने एकट्या राहिल्या. टिपणीस इंजिनरूमच्या आवाजानं अर्धे बहिरे झाले होते. "डाव्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "हिला लग्नानंतर सहा महिन्यांत कळलं. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं डाव्या बाजूनं सांगते."

"आणि बिनमहत्त्वाचं यांना उजव्या कानानंसुद्धा ऐकायचं नसतं," मालतीताई आतून ओरडल्या.

त्यांच्या बोलण्यात मिरज आणि बुकित बातोक शेजारी शेजारी नांदायचे. भाजीवाल्या चिनी काकांशी सिंगलिशमध्ये घासाघीस करायच्या आणि पिशवी भरता भरता स्वतःशी म्हणायच्या, "मुडद्यानं पालक शिळा दिला बघ." बूट घालून देवपूजा करायच्या नाहीत, पण पूजा झाल्याबरोबर बूट चढवायच्या. ते बूट त्यांच्याकडे तीन जोड होते. "साडीला चप्पल बदलतो तसे गाण्याला बूट बदलायचे," हा त्यांचा नियम. रडक्या गाण्याला काळे. आणि त्या गायच्या ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गुराख्यांचं गाणं, बहुतेक रडकंच. "आपल्या ओव्या आणि हे गाणं एकाच जातीचं," त्या म्हणत. "नवरा वाईट, पाऊस नाही, आईची आठवण येते. फक्त त्यांच्याकडं जात्याऐवजी घोडा असतो."

या बाई कंट्रीकडे वळल्या कशा? ती कथा त्या मोठ्या नाट्यानं सांगायच्या. जुन्या ब्लॉकमध्ये त्या अकराव्या मजल्यावर राहायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालायचे. शेजारच्या घरातली बाई कपडे घालताना रोज गायची. इंग्रजी, पण सूर असा की मालतीताईंना रडू फुटायचं. चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी धोतराची घडी झटकता झटकता यांनी खालून सूर लावला. ती चाल तशीच म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, म्हणून त्याच्या खालचा, जरा बाजूचा, पण तिच्या सुराला टेकलेला. शेजारच्या खिडकीत गाणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, मोठ्यानं.

"तीन महिने आम्ही तसंच गायलो," मालतीताई सांगायच्या. "एकदाबी तोंड बघितलं नाही. लिफ्टमध्ये एक लठ्ठ, गोरटेली बाई भेटायची, माझ्याकडं बघून नाक मुरडायची. मीपण मुरडायची. एक दिवस लिफ्ट मध्येच बंद पडली. ती घाबरली आणि हळूच गुणगुणायला लागली. मी खालचा सूर लावला. अरे, काय मिठी मारली तिनं मला! लिफ्ट आणखी हलली."

ती आयरीन. इथल्या युरेशियन घराण्यातली, म्हणजे आजा पोर्तुगीज, आजी मलाक्काची, स्वभाव वादळाचा. पुढं 'आयरीन अँड मॅल' या नावानं दोघींनी हॉटेलांच्या लाउंजमध्ये, क्लबांत, जहाजी लोकांच्या नाताळात वीसेक वर्षं गायलं. कडवी आयरीनची, धृपद दोघींचं. पहिला आवाज आयरीनचा, दुसरा मॅलचा. कायम. रंगमंचावर उजवीकडं आयरीन, डावीकडं मॅल. आयरीननं एक गाणं स्वतः रचलं होतं: घर सोडून निघालेली बाई कुंपणाचं फाटक मुद्दाम उघडं ठेवते. "जन्म अकराव्या मजल्यावर गेला तिचा," मालतीताई म्हणायच्या, "फाटक बापजन्मी बघितलं नव्हतं. पण म्हणायची असं, की वाटायचं हिचं फाटक कुठंतरी वाऱ्यानं वाजतंय."

मी त्यांना भेटलो त्याच्या आधी अकरा वर्षं आयरीन गेली होती. कॅन्सर. आणि मालतीताई अजून दुसराच आवाज गात होत्या.

हे मराठी मंडळात कुणालाच कळलं नाही. गणपतीत आरतीला त्या उभ्या राहिल्या आणि सवयीनं त्यांनी खालचा सूर लावला. चाळीस माणसं एका सुरात, आणि मालतीताई त्या सुराच्या दोन पायऱ्या खाली, ठाम. आमच्या निमकर काकू, शास्त्रीय संगीताच्या सात परीक्षा दिलेल्या, टाळ्या वाजवायच्या थांबल्या. प्रसाद वाटताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मिलिंद, त्या टिपणीसबाईंना षड्ज सापडत नाही रे. वाईट वाटतं. कुणीतरी सांगायला हवं."

मी आगलाव्या. जसंच्या तसं जाऊन सांगितलं.

मालतीताई मोदक खात होत्या. "त्यांना म्हणावं," त्या म्हणाल्या, "षड्ज तुम्ही सांभाळा, चाळीसजण आहात. खाली कुणीतरी नको का? तुम्ही पडलात तर?"

मी चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळतो आणि मंडळात हौसेनं ध्वनिव्यवस्था. त्या गेताईनंतर मी आपणहून मालतीताईंचा साउंडवाला झालो. आठवड्यातून दोन सकाळी कम्युनिटी क्लबात त्यांचा कार्यक्रम असे. तीस-पस्तीस चिनी आणि मलाय आज्या रांगेत कंट्रीवर नाचायच्या, आणि हॅट घातलेली मिरजेची बाई त्यांच्यासाठी गायची. मी रजा काढून जायचो. ऑफिसात 'फॅमिली मॅटर' सांगायचो.

त्यांची एकच अट होती. माइक दोन हवेत, आणि उजवीकडचा चालू हवा.

मी एकदा तो बंद ठेवला. चाचणी म्हणून, खरं सांगायचं तर खोडी म्हणून. चालू माइकला काही रंग नसतो, दिवा नसतो. कळणार कसं? मालतीताईंनी कडव्याच्या दुसऱ्याच ओळीला गिटार थांबवली आणि आज्यांसमोर मला म्हणाल्या, "इंजिनिअर, तिचा आवाज तू बंद केलास."

त्या दिवशी कॉफी पिताना मी विचारलं. गमतीनं विचारलं, कारण मला भीती वाटत होती. "मालतीताई, तुम्हाला खरंच ऐकू येतं?"

"मग काय मी कडवंभर गप्प उभी राहून पाय दुखवून घेते?"

"काय ऐकू येतं?"

"आयरीन. तुला येत नाही?"

"नाही."

"मशीन दुरुस्त कर तुझं." मग त्यांनी बिस्किट बुडवलं आणि वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "गेली तेव्हा मी सहा महिने गिटार धरली नाही. मग एकदा धरली. कडवं आलं, आणि ती आली. त्या दिवसापासनं गाते. ती यायची थांबली की मी पण थांबणार. माझं दुसरं काही काम नाही बघ त्या गाण्यात."

घरी येऊन मी अनघाला सांगितलं. ती म्हणाली, "मग यात तुला गंमत कसली वाटतेय?" पण माझ्या डोक्यात तेव्हा एक कल्पना जन्माला आलेली होती, आणि माझ्या डोक्यात कल्पना आली की अनघाचं ऐकण्याची यंत्रणा बंद पडते.

टिपणिसांकडे एक जुनी कॅसेट होती. हॉटेलच्या लाउंजमध्ये कुणीतरी ध्वनिमुद्रित केलेली, आयरीन आणि मॅल, ऐन तिशीतल्या. हल्ली असं सॉफ्टवेअर मिळतं, की ते गाण्यातले आवाज सोलून वेगळे करतं. पेल्यांचा खणखणाट बाजूला, गिटार बाजूला, एक आवाज इकडं, दुसरा तिकडं. मी तीन शनिवार बसलो. फाटकाच्या गाण्यातून मॅलचा आवाज पुसला आणि उरला तो फक्त आयरीनचा. स्वच्छ. हेडफोनमध्ये ती पहिल्यांदा एकटी गायली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मी ते ऐकत होतो! जे मालतीताईंना अकरा वर्षं ऐकू येत होतं, ते आता मला ऐकू येत होतं!

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मालतीताई गाणार होत्या. माझी योजना साधी होती. कडवं आलं की बटण दाबायचं.

"विचारून तरी बघ त्यांना," अनघा म्हणाली.

"मग सरप्राइज काय राहिलं?"

हा दोष आमच्या जातीचा आहे. सॉफ्टवेअरवाल्याला रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. कुणीतरी ती मुद्दाम रिकामी ठेवली असेल, हा विचार आम्हाला शिवत नाही.

दिवाळीचा कार्यक्रम. दुपारची वेळ, सभागृहात दोनेकशे माणसं, फराळाचा वास. मालतीताई जांभळी नऊवारी आणि काळे बूट घालून आल्या. टाळ्या पडल्या. त्यांनी गिटारवर सुरुवात केली, संथ, आताशा वाजवायच्या तशी. कडवं आलं. त्या तोंड मिटून उभ्या राहिल्या आणि उजवीकडं जराशी मान कलली.

मी बटण दाबलं.

आयरीन गायली. उजव्या स्पीकरमधून, भरदार, तरणीताठी, एका श्वासात अख्खी ओळ ओढून नेणारी. माणसांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मालतीताईंच्या चेहऱ्याकडं पाहत होतो, लहान मूल फुगा फुटायची वाट पाहतं तसा आनंदानं. त्यांचा हात तारांवरून सुटला. आयरीन पुढं गात राहिली. धृपद आलं. मालतीताई गायल्या नाहीत. त्या सभागृहात आयरीन एकटी गात होती, खाली कुणीच नव्हतं, आणि ते ऐकवत नव्हतं. पाळण्याची एक दोरी तुटावी तसं ते गाणं लोंबकळत होतं. मी बंद करायला हवं होतं. माझा हात हलेना. सगळं गाणं तसंच संपलं. मालतीताई माइकजवळ आल्या, "थँक यू" म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

निमकर काकू माझ्याजवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे," त्या म्हणाल्या, "त्या बाई खाली काय गात होत्या ते मला आज कळलं."

चार दिवसांनी मी माफी मागायला गेलो. मालतीताई स्वयंपाकघरात घेवडा निवडत होत्या. मी बोलू लागलो. त्यांनी माझ्यापुढं थोडा घेवडा सरकवला. आम्ही निवडत बसलो.

"तू वाईट नाही केलंस रे," त्या म्हणाल्या. "पण तुला सांगू का? माझी आयरीन म्हातारी झाली होती. अकरा वर्षं ती माझ्याबरोबर म्हातारी होत होती. तिचा श्वास पुरत नव्हता, म्हणून मी लय कमी केली. वरचा सूर लागेना, म्हणून पट्टी उतरवली. आम्ही दोघींनी मिळून उतरवली. आणि तू तिला एकदम तिशीची केलीस."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"आता गिटार घेतली की कडव्याला तीच येते. तुझी. धावत येते. मला म्हणते, चल की गं! मी सत्तरीची बाई, मी कुठली धावू?" त्यांनी एक शेंग मोडली, दोर काढला. "माझी कुठं गेली, कळत नाही. तू इंजिनिअर ना? मशीनमधनं माझा आवाज पुसलास. माझ्या कानातनं ती पोरगी पुसता येते काय?"

घरी येऊन मी ती फाइल पुसून टाकली. मग बॅकअपमधली पुसली. मग कॅसेट परत केली. याचा काही उपयोग नव्हता हे मला माहीत होतं.

मालतीताईंनी गाणं सोडलं. क्लबातल्या आज्या मला विचारायच्या, "मॅल व्हेअर? सिक आह?" मी त्यांना रेकॉर्ड लावून द्यायचो. त्या नाचायच्या, पण सारख्या रंगमंचाकडं बघायच्या. पुढल्या वर्षी सातव्या महिन्यात मांडव पडला, लाल खुर्च्या मांडल्या गेल्या. मालतीताई आल्या नाहीत. टिपणीस मला लिफ्टमध्ये भेटले. गुडघ्यांनी थकले होते. पर्थला मुलगी राहते, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. ते खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "घरात दहा महिने शांतता आहे, मिलिंदराव. मी बहिरा, मलासुद्धा ऐकू येते."

विमान दुपारचं होतं. मी आणि अनघा चांगी विमानतळावर सोडायला गेलो. मालतीताईंनी साधा पंजाबी ड्रेस घातला होता, पायांत कापडी बूट. अनघाला मिठी मारली. मी पाया पडलो तर डोक्यावर टपली मारली. बोलल्या मात्र नेहमीसारख्या: तिकडं भाजी महाग असते म्हणे, टिपणिसांचं डाव्या बाजूचं आसन घेतलंय, म्हणजे माझ्याकडं उजवा कान येईल, आता सुटका नाही त्यांची. गाण्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या जिभेवर प्रश्न होता: तुमची आयरीन परत आली का? विचारायचं धाडस झालं नाही.

त्या आत गेल्या. निरोप देणाऱ्यांसाठी तिथं मोठी काच आहे, तिच्यामागं पासपोर्टच्या स्वयंचलित फाटकांची रांग दिसते. आवाज काहीच येत नाही. टिपणीस पुढं होते, ट्रॉलीवर रेललेले. ते पलीकडं गेले. मागं मालतीताई उभ्या होत्या, आणि त्यांचा पाय हलत होता.

मी काचेला चिकटलो. उजवा पाय, टाच टेकलेली, चवडा वर-खाली. तोंड मिटलेलं. मान जराशी उजवीकडं. मी साउंडवाला. माझं बोट आपोआप काचेवर पडू लागलं, त्या पायाबरोबर. तीन शनिवार मी ते गाणं ऐकलं होतं. कॅसेटची लय माझ्या हाडांत होती. हा ठेका तो नव्हता. हा संथ होता. इतका संथ, की दोन ठोक्यांमध्ये एखाद्या थकल्या बाईनं श्वास घ्यावा आणि तिला कुणी घाई करू नये.

"काय झालं?" अनघानं विचारलं.

"गप्प."

मालतीताईंसमोरचं फाटक हिरवं होऊन उघडलं. त्या हलल्या नाहीत. मागच्या माणसानं मान पुढं काढली. गणवेशातली एक मुलगी लगबगीनं आली, हात पुढं करून काहीतरी म्हणाली, आंटी चला, असंच काही. मालतीताईंनी तिच्याकडं न बघता एक बोट वर केलं. थांब. पाय चालूच. सगळी रांग खोळंबली. माझं बोट काचेवर मोजत होतं, सहा, सात, आठ.

मग त्यांचे ओठ उघडले, आणि त्या फाटकातून गेल्या.